सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही

द्वारका ओलांडून मुंबई-आग्रा महामार्गाने आडगावकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक वेगळंच नाशिक सुरू होतं. टायरवाले, कमानपाटेवाले, बॅटरीवाले, पंप-नोझलवाले आणि पुढे ट्रक टर्मिनल. शहराच्या दुसऱ्या अंगाला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना आहे. त्या कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण नाशिककरांचा चौक अजून मायको सर्कलच आहे. नोझलच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी असतात आणि आतली सुई व तिचं घर यांच्यात मोजून दोन-चार मायक्रॉनची फट असते. एका टोकाला हे मोजमाप, दुसऱ्या टोकाला तोच भाग रस्त्याच्या धुळीत उघडणारा हात, आणि मधे एक जुना वाद. चालू न होणाऱ्या गाडीचं कारण शोधायचं कुणी? मिस्त्रीच्या कानाने की स्कॅनरच्या पडद्याने?

वाद नीट ऐकायचा तर समोर एक गाडी हवी. समजा, जानेवारीतली पहाट आहे आणि पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पेट्या भरलेला बीएस-सिक्स ट्रक उभा आहे. कसारा घाट उतरून मुंबई गाठायची आहे. चावी फिरवली की सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. भोवती दोन माणसं उभी करू. दोघंही कल्पनेतली, पण त्यांची मतं आडगाव नाक्यावर कोणत्याही सकाळी ऐकू येतील अशी. एक वस्ताद, ज्याचं आयुष्य पंप उघडण्यात गेलं. दुसरा सातपूरच्या आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा ट्रेड करून आलेला पोरगा, हातात स्कॅनर. तिसरा माणूस ड्रायव्हर. तो मफलर गुंडाळून बाजूला उभा आहे आणि त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

वस्ताद : पोरा, ते यंत्र ठेव बाजूला. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. हवा दाबली की तापते, तापलेल्या हवेत डिझेल गेलं की पेटतं, संपला विषय. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली चाललं तेव्हा कुठला संगणक होता? आमच्या जुन्या गाड्यांच्या पंपाला तर करंटचीही गरज नव्हती. बॅटरी मेली तरी उतारावर सोडून गिअर टाकला की गाडी चालू. चालू झाली नाही तर नोझलची नटं सैल करायची, सेल्फ मारायचा, कुठल्या नळीतून डिझेल उडतं आणि कुठल्या नळीतून फेस येतो ते बघायचं. सेल्फचा आवाज ऐकून मी सांगतो, दोष बॅटरीत आहे की इंजिनात. कानाला रिचार्ज लागत नाही.

पोरगा : वस्ताद, तुमचा कान मला मान्य आहे, पण तो ज्या गाड्यांवर तयार झाला त्या गाड्या रस्त्यावरून कमी होत चालल्यात. २०१७ च्या एप्रिलला देशभर बीएस-फोर आलं, २०२० च्या एप्रिलला बीएस-सिक्स. आता डिझेल आधी एका कॉमन रेलमध्ये साठतं आणि कुठल्या सिलिंडरला किती आणि कधी द्यायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्याला क्रँकच्या सेन्सरकडून सिग्नल मिळाला नाही तर तो एक थेंब सोडत नाही. तो सिग्नल तुम्ही कुठल्या कानाने ऐकणार? आणि नट सैल करायची गोष्ट तर काढूच नका. रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर दाब जातो. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून डिझेल आत घुसवते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आत गेलेल्या डिझेलने बोट, कधी हातही गमवावा लागतो. जुन्या गाडीवर जी परीक्षा होती ती या गाडीवर अपघात आहे.

इथे पोरग्याची बाजू निर्विवाद आहे आणि ती आधीच मान्य करून टाकलेली बरी. कॉमन रेलची नळी चालू दाबात सैल करायची नाही, यावर वाद होऊ शकत नाही. इंजिन पकडत नाही म्हणून हवेच्या पाइपाच्या तोंडाशी पेटता कागद किंवा पेट्रोलचा बोळा धरण्याची सवयही तशीच सोडून द्यायला हवी, कारण वेळेआधी पेट घेतलेला तो भडका पिस्टन आणि रिंगांवर आदळतो. धक्का मारून गाडी चालू करण्याचा उपायही आता बऱ्याच अंशी मोडीत निघाला आहे. बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर ईसीयू जागाच होत नाही, मग चाकं कितीही फिरवली तरी डिझेल सुटत नाही. म्हणजे वस्तादांच्या काही हत्यारांची मुदत संपली आहे. पण त्यांची हत्यारं जुनी झाली म्हणून त्यांचे प्रश्नही जुने झाले, असा अर्थ होत नाही. वादाची गफलत तिथेच आहे.

कारण इंजिन बदललं तरी त्याच्या गरजा बदललेल्या नाहीत. ते पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, आत गेलेली हवा पुरेशी दाबली जाऊन तापली पाहिजे, आणि योग्य क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत आला पाहिजे. हवा सोळा-सतरा पट दाबली गेली की तिचं तापमान पाचशे अंशांच्या आसपास जाऊ शकतं. पण सेल्फ रेंगाळत फिरला तर दाबली जाणारी हवा रिंगांच्या कडेने निसटते, तिची उष्णता थंड लोखंड शोषून घेतं आणि डिझेल पेटत नाही. निफाड तालुक्यातली पहाट पाच अंशांच्या खाली उतरते, तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्याच पहाटे इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं आणि बॅटरीची ताकदही उतरलेली असते. म्हणून नुसतं ‘सेल्फ फिरतोय’ म्हणणं पुरेसं नाही, तो कसा फिरतोय हे विचारायला हवं. हा वस्तादांचा प्रश्न आहे आणि बीएस-सिक्सच्या गाडीलाही तो तितकाच लागू आहे.

वस्ताद : मग मी काय सांगत होतो? आवाज ऐक. खणखणीत फिरतोय की दमल्यासारखा?

पोरगा : ऐका, पण मोजाही. ट्रकच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. उभ्या गाडीत मीटर पंचवीस व्होल्ट दाखवतो आणि सगळे म्हणतात बॅटरी ठणठणीत. सेल्फ मारताना तोच मीटर एकोणीसच्या बराच खाली पडला तर एक तर बॅटरी थकलीय, नाही तर सेल्फच जास्त करंट ओढतोय. आणि बॅटरीच्या पोलवर मीटर ठीक, पण सेल्फपाशी व्होल्ट कमी असतील तर दोष मधल्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. तुमचा कान ‘सेल्फ दमलाय’ एवढं सांगेल. तो का दमला हे मीटर सांगेल.

या छोट्या देवघेवीत मला जे म्हणायचं आहे ते जवळजवळ आलं आहे. कान आणि मीटर यांतला कोण शहाणा, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोघेही साक्षीदार आहेत. निकाल साक्षीदार देत नाही, उलटतपासणीच्या क्रमातून तो निघतो. चालू न होणाऱ्या ट्रकच्या बाबतीत हा क्रम एका नियमावर उभा आहे. ज्या प्रश्नाला सर्वांत कमी वेळ आणि खर्च लागतो आणि ज्याच्या उत्तराने सर्वांत जास्त शक्यता बाद होतात, तो आधी विचारायचा. आणि जो भाग दोषी असल्याचा पुरावा हातात नाही, तो उघडायचा नाही. गॅरेजमध्ये वाया जाणारा बहुतेक पैसा हा क्रम मोडल्यामुळे जातो. कान वापरणारा हा क्रम मोडतो तेव्हा आपण त्याला अडाणी म्हणतो. स्कॅनर वापरणारा मोडतो तेव्हा तेच ‘तांत्रिक कारण’ होतं. बिल मालकाला दोन्हीकडे येतं.

स्कॅनरचीच साक्ष तपासून बघू. समजा पडद्यावर पी ००८७ हा कोड आला, म्हणजे रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. कोड खरा आहे. पण तो परिणामाचं नाव सांगतो, कारणाचं नाही. फिल्टर चोंदला असेल तर दाब कमी पडेल, टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा शिरत असेल तरी पडेल. पंप झिजला असेल, रेलवरचा व्हॉल्व्ह बसत नसेल किंवा एखादा इंजेक्टर आलेलं डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे सोडून देत असेल, तरीही कोड हाच. यातला फिल्टर सर्वांत स्वस्त आणि पंप सर्वांत महाग. कोड वाचून थेट पंप उतरवणारा पोरगा आणि आवाज ऐकून थेट पंप उतरवणारा वस्ताद यांच्यात मग फरक काय उरला? त्याहून मोठी गंमत कमजोर बॅटरीची. सेल्फ मारताना व्होल्टेज फार कोसळलं की ईसीयू गडबडतो, सेन्सर भलतीच माहिती देतात आणि पडद्यावर एकाच वेळी कोडची रांग लागते. कोड डझनभर, कारण एक, आणि ते पोलवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीत. स्कॅनर खोटं बोलत नाही. त्याला कधी विचारायचं, हे मात्र आपल्याला कळायला हवं.

वस्ताद : बरं, सेल्फ खणखणीत फिरतोय. पुढे?

पोरगा : पुढे सायलेन्सरकडे बघायचं. हे तुमच्याकडूनच शिकलोय.

धूर हा डिझेल इंजिनाचा सर्वांत स्वस्त साक्षीदार आहे. सेल्फ चांगला फिरत असताना सायलेन्सरमधून पांढुरका धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, पण पेटत नाही. मग संशय उष्णतेवर, म्हणजे थंडी, हळू फिरणं, कमी कॉम्प्रेशन किंवा हवा तापवणाऱ्या हीटरवर जातो. काहीच धूर नसेल तर डिझेल पोहोचतच नाही, असं धरून चालायला हरकत नाही. एका नजरेत अर्धं इंजिन संशयातून सुटतं. आपल्या ट्रकला धूर नाही. आता डिझेल का पोहोचत नाही, याचे दोन रस्ते उरतात. एक तर ईसीयू ते सोडत नाही, नाही तर त्याच्यापर्यंत ते येतच नाही. स्कॅनरची खरी वेळ इथे आहे. सेल्फ फिरताना त्याला इंजिनाचे फेरे दिसतात का? दिसत नसतील तर क्रँकचा सेन्सर किंवा त्याची वायर. दिसत असतील तर रेलचा दाब किती चढतो? दाब काहीशे बारपर्यंत चढल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. आपल्या गाडीत फेरे दिसतात, दाब मात्र चढत नाही. तीन प्रश्नांत आपण बॅटरीपासून डिझेलच्या नळीपर्यंत आलो आणि अजून एकही नट उघडलेला नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. गाडीत द्राक्षं आहेत, बाजार कुणासाठी थांबत नाही, अशा वेळी क्रम पाळत बसायला सवड कुणाला? लासलगावचा कांदा असो, पिंपळगावचा टोमॅटो असो, नाशिकचा माल घड्याळावरच चालतो, हे खरं आहे. पण घाईचा हिशेब नीट मांडला तर तो उलटा निघतो. मीटर लावणं, धूर बघणं आणि स्कॅनरवर दोन आकडे वाचणं, या सगळ्याला मिळून अर्धा तासही लागत नाही. पंप उतरवून, तपासून परत चढवण्यात दिवस जातो, आणि दोष पंपात नसेल तर तो दिवस वाया जाऊन गाडी होती तिथेच उभी राहते. घाईतली सर्वांत महाग चूक म्हणजे सलग सेल्फ मारत राहणं. एका वेळी दहा-पंधरा सेकंद आणि मधे मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, एवढं न पाळल्यास सेल्फ तापून जळतो. मग एका दोषाचे दोन होतात आणि दुसरा आपण स्वतः घडवलेला असतो.

दुसरा आक्षेप वस्तादांचा आणि तो जास्त दमदार आहे. अनुभवी माणसाला क्रमाची गरज नसते, असं ते म्हणतील. त्याने हजार गाड्या पाहिलेल्या असतात, त्याचा पहिला अंदाजच बरोबर येतो. अनुभवाचं बळ नाकारणं मूर्खपणा ठरेल. पण क्रम म्हणजे तरी काय? बॅटरी आधी आणि पंप शेवटी, हे कुणी ठरवलं? बॅटरी, अर्थिंग, फिल्टर आणि हवा यांनी गाड्या वारंवार अडतात आणि पंप त्या मानाने क्वचित जातो, हे हजार गाड्या पाहिलेल्या हातांनीच शिकवलं. क्रम म्हणजे अनेक वस्तादांचा साठलेला अनुभव. एकट्याचा अनुभव मात्र एक खोड लावतो. कालच्या गाडीत जे निघालं तेच आजच्या गाडीत दिसू लागतं. अंदाज जरूर बांधावा. तो बरोबर की चूक हे स्वस्तात तपासता येत असेल, तर पाना हातात घेण्याआधी तपासावा, एवढंच मागणं आहे.

तिसरा आक्षेप असा की नव्या गाड्या बंद पेटीसारख्या आहेत, कंपनीच्या लॅपटॉपशिवाय त्यांना हात लावता येत नाही, म्हणून रस्त्यावरच्या मिस्त्रीने हे सगळं शिकून उपयोग काय? यात तथ्य आहे. नवा इंजेक्टर बसवला तर त्याचा नंबर ईसीयूला कळवावा लागतो आणि ते काम पान्याने होत नाही. पण बॅटरी, वायर, टाकी, नळ्या, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर, फिल्टर आणि न्यूट्रलचा स्विच हे सगळं त्या पेटीच्या बाहेर आहे. डिझेलमधलं पाणी बघायला लॅपटॉप लागत नाही. सेपरेटरखालचा नळ सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल धरलं आणि बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवली की पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. थंडीचंही तसंच. हिवाळ्यात मिळणारं डिझेल सहा अंशांपर्यंत फिल्टरमधून जाईल, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे निफाडच्या कडाक्यात मेणाच्या कणांनी फिल्टर चोंदणं अशक्य नाही. पण आधी फिल्टर हातात घेऊन बघावा, मग हवामानाला दोष द्यावा.

वस्ताद : फेरे आहेत, धूर नाही, दाब चढत नाही. म्हणजे हवा. मी आल्या आल्या हेच म्हणणार होतो.

पोरगा : म्हणणार होतात, पण त्याआधी नटं सैल करणार होतात.

हवा हा या सगळ्यांतला कसलेला चोर आहे. टाकी खाली, पंप वर. मधल्या नळीतून डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. म्हणून त्या नळीचा जोड किंचित सैल असला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. रस्त्यावर डाग नाही, हाताला ओल नाही, आणि सगळे शपथेवर सांगतात की गळती नाही. इंजिन चालू असतं तोवर पंप ती थोडी हवा पचवून नेतो आणि गाडी दिवसभर धावते. रात्री उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते, नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं आणि सकाळी पंपासमोर पोकळी उरते. याची परीक्षा दोन तऱ्हांनी होते. सेपरेटरवरचा हातपंप दाबून बघायचा. तो पोकळ, भुसभुशीत लागला आणि वीस-तीस वेळा दाबल्यावर कडक झाला, तर आत हवा होती. किंवा ओढणाऱ्या नळीत हातभर पारदर्शक नळी जोडून सेल्फ मारताना बघायचं. मण्यांसारखे बुडबुडे सरकताना दिसले की वाद मिटतो. पहिली परीक्षा हाताची, दुसरी डोळ्याची. दोन्ही नव्या गाडीला चालतात, आणि एकीतही दाबाखालची नळी उघडावी लागत नाही.

पण हवा आहे एवढं कळणं म्हणजे अर्धंच निदान. हातपंप मारून गाडी चालू केली आणि पाठवून दिली, तर उद्या सकाळी ती भिवंडीत अशीच उभी राहील. हवा कुठून शिरते, हे शोधायचं तर टाकीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक जोड संशयित आहे, आणि आता कानही संपला, स्कॅनरही संपला. एक साक्षीदार मात्र सुरुवातीपासून बाजूला उभा आहे. गाडी काल कशी चालली, कुठे डिझेल भरलं, कुणी कशाला हात लावला, हे वस्तादांच्या कानाला आणि पोरग्याच्या पडद्याला कळणार नाही. ते ज्याला माहीत आहे त्याला आपण ‘तू जरा सेल्फ मार’ यापलीकडे काही विचारत नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त शक्यता बाद करणारा प्रश्न आधी, हा नियम जर खरा असेल, तर पहिला प्रश्न बॅटरीचा नव्हताच. तो ड्रायव्हरला विचारायचा होता. त्याला खर्च शून्य आणि वेळ एक मिनिट. तरी तो शेवटी येतो, कारण यंत्राचं ज्ञान फक्त यंत्र उघडणाऱ्याकडे असतं, असं वस्ताद आणि पोरगा दोघेही गृहीत धरून बसले आहेत. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं आणि दोघेही चुकले.

वस्ताद : काय रे, काल काही काम केलं होतंस का गाडीचं?

ड्रायव्हर : फिल्टर बदलला ना काल संध्याकाळी. चासीवरचा, पाणी काढायच्या नळाचा. मघाशी सांगत होतो, पण तुमचं दोघांचं चाललं होतं.

पोरगा सेपरेटरखाली वाकतो. नव्या फिल्टरच्या काठातून रबरी रिंगचा एक दुमडलेला कोपरा बाहेर डोकावतो आहे.